न लावलेलं सलाईन

निकाल लागला आणि मी नांदेडच्या वसतिगृहातून पेटी घेऊन गावी परतले, तेव्हा हळदीचे दिवस होते. शेताशेतांत हळद शिजत होती. तिच्या वाफेचा तो मातकट, उग्र वास वाऱ्याबरोबर थेट आमच्या वस्तीपर्यंत यायचा. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये वाळलेली हळद घासायचा लोखंडी ड्रम सकाळपासून दिवस मावळेपर्यंत फिरत असायचा. खडखड, खडखड. बाबा तिथंच मजुरीला होते. संध्याकाळी घरी यायचे ते डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखांपर्यंत पिवळे होऊन. माय म्हणायची, आता मला तो ड्रम ऐकूच येत नाही. मला मात्र दुसरं काही ऐकू येत नव्हतं. चार वर्षं मी वॉर्डात वाढले होते. कुणी हाक मारली की उठायचं, पळायचं, हात धुवायचे, पुन्हा पळायचं. आणि इथं मी उंबऱ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. बी.एस्सी. नर्सिंग झालेली वस्तीतली पहिली मुलगी, पण नोंदणीचा कागद हातात पडेपर्यंत कुठं कामाला लागता येत नव्हतं. तो आज येईल, उद्या येईल, असं चाललेलं.

काही सुचत नसलं की मी मायची नाडी बघायची. ती भाकरी थापताना तिचा पिठाचा हात ओढून घ्यायची आणि घड्याळाकडे बघत बसायची. दोन-तीन दिवस मायनं हात ओढू दिला. मग म्हणाली, "माजी नाडी रोज पळून जाती का काय गं? काल बी बघितली व्हती." मी हसले, पण बोटांना काम हवं होतं, ते कुणाला सांगणार? पांढरा गणवेश मी दर दोन दिवसांनी धुवायची, न वापरताच. दोरीवर तो वाळत असला की येणारे-जाणारे थांबून बघायचे. बाबा कामावरून आले की आधी त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे.

खरी गोष्ट अशी, की माझी अस्वस्थता नुसती रिकामपणाची नव्हती. मी आले त्याच आठवड्यात वस्तीनं बुद्धविहारात माझा सत्कार केला. शाल, नारळ, पेनांचा सेट. हा सत्कार मी विसरणार नाही, कारण मला शिकवलं ते एकट्या आईबापानं नाही. बारावीच्या परीक्षेला बस चुकली तेव्हा शेजारच्या काकांनी हरभऱ्याची काढणी सोडून मला मोटारसायकलवर नेलं होतं. मी आजारी पडून वसतिगृहात होते तेव्हा माय माझ्याजवळ येऊन राहिली, आणि तिच्या वाटणीचं खुरपणं बायकांनी आपसात वाटून घेतलं. हे सगळं बाबांच्या मनात दाटलं असणार. आयुष्यात कधी चार माणसांपुढं न बोललेला माझा बाप उभा राहिला, माईक धरला आणि म्हणाला, "माज्या लेकीला तुमी समद्यांनी शिकवलं. आता वस्तीतल्या कुन्या मानसाला सलाईनसाठी जवळा बाजारला जायाची गरज न्हाई. घरी येऊन लावंल माजी लेक. हा माजा शब्द हाय." टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून शालीचे गोंडे मोजत राहिले.

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळणार नाही. आमच्याकडे सलाईन हे औषध नव्हतं, ती शक्ती होती. सोयाबीनची काढणी संपली, अंग मोडून आलं, लावा बाटली. लेकीचं लग्न पार पडलं, आईला थकवा आला, लावा बाटली. शेजारच्या जवळा बाजार गावात एक कंपाउंडर होता, एका खोलीत चार खाटा टाकून दिवसभर तेच करायचा. बाटली लावून आलेल्या माणसाला भेटायला लोक केळी घेऊन जायचे आणि पहिला प्रश्न असायचा, "किती लागल्या?" दोन म्हटलं की माना हलायच्या. तीन म्हटलं की माणूस मोठ्या दुखण्यातून उठला असं समजायचं. आणि डॉक्टरनं नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवलं, तर त्यानं फसवलं. आता माझ्या हाताखाली नव्या मुली शिकायला येतात, त्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांतल्या गावाकडच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात. म्हणजे अजून फार काही बदललेलं नाही.

बाबांनी शब्द दिला आणि लोक येऊ लागले. मी कुणाला थेट नाही म्हणत नव्हते. म्हणायचे, "अजून नोंदणी व्हायचीय काकू, कायदा आहे." ते खोटंही नव्हतं. पण नोंदणी झाल्यावर तरी मी कुणाच्याही खाटेवर, डॉक्टरच्या सांगण्याशिवाय, बाटली लटकवणार होते का? नव्हते. ते सांगायची हिंमत होत नव्हती. शेजारची सरूबाई काकू, जिच्या जिभेला अख्खी वस्ती घाबरून असायची, एकदा भर अंगणात म्हणाली, "नोंदनी तर लगनाची बी राहून जाती बाई. मंग लेकरं व्हायची थांबतेत का?" बायका खो-खो हसल्या. बाबा आतून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटेच्या वर भिंतीत एक मोठा खिळा ठोकला, बाटली अडकवता यावी म्हणून, आणि तो ओढून बघितला, पक्का बसलाय का.

अशात आत्याबाईचा फोन आला. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, गयाबाई. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीपासून मी जवळा बाजारला तिच्या घरी राहून शिकले. मामा, म्हणजे तिचे यजमान, आधीच गेले होते. मुलगा पुण्याला कंपनीत. पत्र्याची एक खोली, पुढं कापसाच्या गाड्यांचा रस्ता, बाजाराच्या दिवशी तर इतका गलबला की पुस्तक मोठ्यानं वाचलं तरी स्वतःला ऐकू जायचं नाही. ती पहाटे उठून येसराची आमटी आणि जवारीच्या भाकरी करायची. माझा डबा भरून मग कामाला जायची. संध्याकाळी मी अभ्यासाला बसले की समोर सूप घेऊन डाळ निवडत बसायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण माझी मान लवली की सुपावर थाप मारायची, "पुस्तक झोपलं का तू?" मी जी काही आहे, त्यातला मोठा वाटा त्या सुपाच्या आवाजाचा आहे.

फोनवर ती बाबांना म्हणाली, "उत्तम, मला लई थकवा येऊन राहिला बाबा. चार पावलं चाललं की बसू वाटतंय. कंपाउंडर म्हनत व्हता लावतो म्हून. म्या म्हनलं, काहून? माजी पोरगी शिकली कशाला मंग? तिच्याच हातानं घेईन."

बाबा म्हणाले, "ये अक्का, उद्याच ये." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. नोंदणीचं कारण आत्याबाईपुढं चालणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारून ॲपे रिक्षातून उतरली. हातात बाजाराची पिशवी, तिच्यात तीन बाटल्या, नळ्या-सुया, आणि माझ्यासाठी फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या खारट खारोड्या. तिच्या येण्याची बातमी आधीच फुटलेली. सरूबाई काकू आणि चार-पाच बायका अंगणात येऊन बसल्या होत्या, जणू वस्तीच्या पोरीच्या हातची पहिली बाटली हा सोहळाच. बाबा त्या दिवशी ड्रमवर गेले नव्हते, धुतलेला सदरा घालून उभे होते. मायनं चुलीवर चहा ठेवला होता. मी "जयभीम आत्याबाई" म्हणत नेहमीसारखी तिच्या पायांवर वाकले. आमच्याकडे नुसता हात लावत नाहीत, दोन्ही पाय हातांनी धरतात. मी धरले, आणि माझा अंगठा तिच्या नडगीत रुतला.

मी हात काढला. खड्डा तसाच राहिला. चपलेचे पट्टे पायावर वळ उमटवून गेले होते, घोटे दिसतच नव्हते. मी पुन्हा, जरा वर, दाबून बघितलं. पुन्हा खड्डा.

"ऊठ की माय, किती पाया पडतीस," ती म्हणाली, आणि एवढं बोलताना मधे एकदा श्वासासाठी थांबली.

मी खाटेवर तिच्या शेजारी बसले. विचारलं, "रात्री झोप लागते का गं?"

"बसून लागती. आडवं झालं की छातीवर कुनी बसल्यावानी व्हतंय. मंग खोकला. उशाला बाजरीचं पोतं लावून बसती."

"कधीपासून?"

"झाला की महिना. थकव्यानंच हाय ते. दोन बाटल्या गेल्या की बरं व्हईन."

वॉर्डात असे रोगी मी पाहिले होते, पण तिथं माझ्या मागं नेहमी कुणीतरी असायचं. शिकवणाऱ्या बाई असायच्या, सिस्टर असायच्या, डॉक्टर असायचे. मी फक्त सांगायचं, ठरवायचं त्यांनी. आता माझ्या मागं मातीची भिंत होती. हृदय थकलंय, पाणी उपसून टाकता येत नाही, ते पायांत आणि छातीत साचलंय, असं मला वाटत होतं. वाटत होतं, एवढंच. चुकत असेन तर? पण बरोबर असेन, तर त्या पिशवीतली पहिली बाटलीसुद्धा तिच्या छातीत जाऊन तिला बुडवणार होती. आणि दुसरी गोष्ट मला त्याच क्षणी कळली. आजवर मी कारणं सांगून सुटत होते. माणूस माझ्याकडून निघायचा आणि बाजारात जाऊन बाटली लावून घ्यायचा. आज मी नुसतं सुटले, तर आत्याबाई तासाभरात कंपाउंडरच्या खाटेवर असणार होती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुला बाटली लावायची नाही. मी नाही आणि कुणीच नाही. आपल्याला आत्ताच्या आत्ता हिंगोलीला दवाखान्यात जायचंय."

पलीकडं ड्रम तेवढा खडखडत होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"तिच्या अंगात पाणी साचलंय बाबा. हृदयाला ते पेलवेना झालंय. वरून अजून घातलं तर दम कोंडेल."

"पानी साचलंय म्हने!" सरूबाई काकू म्हणाली. "तोंड बघा तिचं, खारकेवानी सुकून गेलंय. येत नसंल लावायला, तर तसं सांग ना बाई."

बाबा जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "वैशू, म्या चार मानसांत शब्द दिला व्हता. माजी सख्खी बहीन हाय ही. तिला बी न्हाई म्हनून राहिली तू?"

"बाबा, हळदीच्या वाफ्यात पाणी तुंबलं तर तुम्ही वरून अजून पाणी सोडता का?"

"मानूस म्हंजी वाफा न्हाई," ते म्हणाले. इतक्या थंड आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

आत्याबाईचे डोळे भरून आले होते. "लाज वाटून राहिली का तुला?" ती म्हणाली. "माज्या हातची भाकर खाल्ली, माज्या गोधडीत निजली. आता माज्या अंगाला सुई लावायची तकलीफ व्हती व्हय? जाते मी. बाजारात ढीग पडलेत लावनारे." ती उठायला गेली, आणि उठताना दम लागून पुन्हा खाटेवर बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकले आणि तिचे दोन्ही हात धरले. पुस्तकातले शब्द तिच्या काही कामाचे नव्हते.

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, सुपावरून बघायची तसं.

"वैशू, भ्या वाटून राहिलं का तुला?"

रोग्यापुढं भीती दाखवायची नसते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मीही आज माझ्या हाताखालच्या मुलींना तेच शिकवते. पण शिकवताना दर वेळी जीभ जराशी अडखळते.

"व्हय," मी म्हणाले. "लई."

"मंग चल," आत्याबाई म्हणाली. "उत्तम, गाडी बघ."

गाडी मिळाली ती सरूबाई काकूच्या जावयाची जीप. मधल्या सीटवर आत्याबाईला मी आडवं होऊ दिलं नाही, माझ्या खांद्यावर टेकवून बसवलं, खिडकी उघडी ठेवली. बाबा पुढं ड्रायव्हरशेजारी. जवळा बाजारच्या चौकात कंपाउंडरच्या दारापुढं जीप आपोआपच हळू झाली. आजारी माणूस घेऊन निघालेली गाडी तिथंच थांबते, हे जीप चालवणाऱ्या पोराला पाठ होतं. त्यानं बाबांकडे बघितलं. बाबा समोर बघत राहिले, ना हो ना नाही. "थांबू नका," मी मागून म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पुढं औंढ्याच्या रस्त्यावर आत्याबाईच्या ओठांचा रंग बदलत चालला, आणि मी मनात एकच घोकत होते, की माझं बरोबर असू दे. मग लाज वाटली. माझं बरोबर असणं म्हणजे तिचं दुखणं मोठं असणं. तरी दुसरं काही मागता येईना.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठे असतील. आत्याबाईच्या छातीला नळी लावून ठोके ऐकता ऐकताच त्यांनी विचारलं, "किती सलाईन लावून आणलंय?" लावलंय का, असं नाही. किती, असं.

"एकही नाही," मी म्हणाले.

त्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि पुढच्या कामाला लागले. ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. दिवस मावळायच्या सुमारास तिचा श्वास खाली बसू लागला. सकाळी मी तोंड पुसून द्यायला गेले, तर ती उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "लोकाच्या अंगात पानी घालतेत माय. माजं तर हायी ते काढून घेतलं यायनी!" दोघी हसत होत्या. मी वळून पडद्याआड गेले आणि पोटभर रडले. त्यानंतर ती कितीतरी वर्षं जगली, रोजच्या गोळ्यांना आणि अळणी भाजीला शिव्या देत. खारोड्या मात्र चोरून खायची, ते मला माहीत होतं.

बाबा सगळे दिवस तिथंच होते. माझ्यासाठी चहा आणायचे, खिडकीत ठेवायचे आणि न बोलता बाहेर जाऊन बसायचे. डॉक्टरांनी त्यांना बोलावून सगळं समजावलं, बाटली चढवली असती तर काय झालं असतं तेही सांगितलं. बाबांनी मान डोलावली. पण गावाकडून फोन येत होते. दर फोनला तोच प्रश्न असायचा, पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा. "किती लागल्या?" बाबा पाठ फिरवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "एक बी न्हाई." घरात खायला नाही हे पाहुण्यापुढं कबूल करावं, तसं. त्या तीन शब्दांनी मला जे टोचलं, ते सरूबाई काकूच्या कुठल्याच बोलण्यानं टोचलं नव्हतं. बहीण जिवंत होती, पण शब्द गेला होता, आणि तो माझ्यामुळं गेला होता. माझ्या बापाकडे तसंही दुसरं होतं काय? मी रात्रंदिवस वॉर्डाच्या पायरीवर नाहीतर आत्याबाईच्या उशाशी बसून असायची. आपण बरोबर आहोत हे कळल्यावर माणूस शांत होतो, असं लोक म्हणतात. माझं तसं झालं नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी तीच जीप आम्हाला न्यायला आली. आत्याबाईला थोडे दिवस आमच्याकडेच ठेवायचं ठरलं होतं. तिच्या पायांवरची सूज उतरून घोटे पुन्हा दिसू लागले होते, कातडी सुरकुतली होती. गाडीत ती खुशीत होती. बाबा पुढं बसले होते. आम्ही वस्तीत शिरलो तर अंगण भरलेलं. कुणी केळी आणली होती, कुणी बिस्किटांचा पुडा. जीप थांबताच बायकांनी गराडा घातला.

"उतरा आक्का, जपून," सरूबाई काकू म्हणाली. तिनं आत्याबाईला नीट निरखलं आणि गाल ओढले. "अगं, निम्मी झाली की! अन् येवड्या दिसांत एक बी बाटली न्हाई? मोकळीच आनली?"

"मला बी तसंच वाटून राहिलं," आत्याबाई हळूच म्हणाली. माझ्या दंडाला धरून, लाडीगोडीनं, "येक बारकी लाव ना गं आता. मन भरल माजं. लोकाचं बी भरल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जिच्यासाठी मी एवढं केलं, तीच पुन्हा तिथंच येऊन उभी होती. मला हसू येईना आणि रागही येईना. कारणं सगळी संपली होती. मी म्हणाले, "न्हाई, आत्याबाई."

"काहून गं?" सरूबाई काकू मधेच म्हणाली आणि बाबांकडे वळली. "भाऊ, तुमी शब्द दिला व्हता इहारात. आता तुमीच सांगा तुमच्या लेकीला."

बाबा जीपच्या पुढच्या दारातून खाली उतरले. सदरा चुरगळलेला, दाढी वाढलेली. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता ते पुन्हा तसाच आवाज खाली आणतील.

"ती न्हाई म्हनली ना वैनी," बाबा मोठ्यानं म्हणाले, अंगणाच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "मंग न्हाई. एक बी न्हाई."

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी आत्याबाईला उतरवायला हात पुढं केला.